तो तपासायचा कोण?

पावसाळ्यात चार दिवस पासलीला राहायला गेलो होतो. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तोरण्याच्या मुलखातलं गाव. पुढे केळदची खिंड, तिच्या पलीकडे मढे घाट, आणि घाट उतरलं की महाड तालुका. पिशवीत ॲलेक्स ला गुमा या दक्षिण आफ्रिकी लेखकाची 'अ वॉक इन द नाइट' ही छोटी कादंबरी होती. ओसरीवर वाचत बसलो, तर शेजारचे तात्या येऊन टेकले. वय ऐंशीच्या पुढे. कसलं पुस्तक आहे म्हणाले. मी सांगितलं, त्या देशात काळ्या माणसाला आपल्याच शहरात राहायला, फिरायला पास लागायचा. जवळ नसला की तुरुंग. तात्यांनी देश कुठला, साल कुठलं, काहीच विचारलं नाही. थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आन् त्यो तपासायचा कोन?"

वर्णभेदावर मी बरंच वाचलं होतं. कायदे कुठले, कुठल्या सालचे, कुणी केले हे मला सांगता आलं असतं. पण तात्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता. सत्ता दिल्लीत असो नाही तर प्रिटोरियात, माणसाच्या वाट्याला ती येते ती रस्त्यात आडवं येणाऱ्या एका माणसाच्या रूपानं. तो कोण आहे, आज त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं.

ला गुमाच्या कादंबरीत तो राल्ट नावाचा शिपाई आहे. केपटाऊनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती, एका रात्रीची गोष्ट. राल्टचं घरी बायकोशी बिनसलंय आणि तो राग घेऊन तो गस्तीवर निघालाय. कुणाचा तरी जीव त्याला हवाच आहे. गुन्हा न केलेला एक पोरगा त्याच्या हाती लागतो. त्याला गोळी घातल्यावर, गाडीत रक्त वाहत असताना, राल्ट वाटेत थांबून सिगारेटी घेतो. हे पुस्तक 1962 साली नायजेरियातून प्रसिद्ध झालं. लेखकाच्या स्वतःच्या देशात त्याच्यावर बंदी होती. मला मात्र गोळीपेक्षा सुरुवातीची एक बारीक गोष्ट जास्त छळते. पोलिसांनी अडवलेला माणूस त्यांच्या डोळ्यांत बघत नाही. नजर गणवेशावर कुठेतरी खिळवून ठेवतो, कारण डोळ्यांत बघणं म्हणजे उद्धटपणा हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे.

खाली नजर ठेवून उभं राहणं. हे मराठीत आपण कुठे वाचलंय, असं मी मनाशी शोधू लागलो आणि शोध फार मागे गेला.

1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये एका मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. तिचं नाव मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, इमारतींच्या पायात आमच्या माणसांना गाडीत, हे ती लिहिते. तिच्या मते बाजीरावाचं राज्य वाईट होतं, इंग्रजांचं त्या मानानं बरं. म्हणजे जुलूम हा त्या राज्याचा, त्या राजाचा दोष. राज्य गेलं की जुलूम जाईल, ही आशा त्यात आहे. चौदा वर्षांच्या मुलीनं आशा ठेवू नये तर कुणी ठेवावी? पण त्या निबंधात मला दुसरंही काही दिसतं. तिला कसलाच धक्का बसलेला नाही. असं कसं झालं, हा प्रश्न ती विचारतच नाही. हे असंच होत होतं, सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी लिहिलं नव्हतं, एवढंच ती सांगते.

याच्या शेजारी पुण्याचीच दुसरी गोष्ट ठेवून बघा. 1791 साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत परगावचे ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळलं, आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. त्यावर बखरी-टिपणं झाली, 1863 साली मोरोबा कान्होबांनी पुस्तक लिहिलं, 1972 साली विजय तेंडुलकरांनी नाटक केलं. त्या कोठडीत मेलेल्यांची चौकशी झाली, मोजदाद झाली. गुलटेकडीच्या चेंडूंची झाली नाही. कोतवालानं अधिकाराचा गैरवापर केला असं पुणं म्हणालं, कारण या वेळी तो अधिकार ज्यांच्यावर चालायला नको त्यांच्यावर चालला होता. हे मी कुणाचं मरण हलकं करायला म्हणत नाही; कोठडीत गुदमरणारा माणूस कुठल्याही जातीचा असो, तितकाच तडफडतो. पण 'गैरवापर' हा शब्द कुणासाठी वापरला जातो आणि कुणासाठी वापरलाच जात नाही, हे बघितल्याशिवाय त्या शब्दावर विश्वास ठेवू नये असं मला वाटतं.

फुल्यांनी मुक्ताच्या पुढचं पाऊल टाकलं. 'गुलामगिरी' 1873 साली निघाली आणि ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. इथलं दुःख जगाच्या दुःखाशेजारी ठेवून बघण्याची ही मराठीतली फार मोठी सुरुवात. दहा वर्षांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांचं लक्ष राजावरून उतरून कचेरीत येतं. गोरा साहेब बदलून येतो, बदलून जातो. खालचा कारकून, कुलकर्णी, चपराशी जागचा हलत नाही. अर्ज कुणाचा पुढे सरकेल, कुणाचा दाबला जाईल, हे तोच ठरवतो. राज्य बदललं तरी तपासणारा तोच. तात्यांचा प्रश्न फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता.

मग डॉ. आंबेडकर. महाडला चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी जे झालं ते सर्वांना माहीत आहे. पण त्याआधीचं फारसं आठवलं जात नाही. मुंबईच्या कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव 1923 सालीच केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनं तो मान्यही केला होता. ठराव बाजूनं होता. तरी त्या दिवशी लोकांना झोडपलं, आणि झोडपणाऱ्यांच्या अंगावर कुठलाही गणवेश नव्हता.

पुढच्याच वर्षी, 1928 साली, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. मला विचाराचं खरं वळण इथे दिसतं. महार वतनदार म्हणजे सरकारचा चोवीस तासांचा चाकर. चावडीवर हजर राहायचं, निरोप घेऊन पळायचं, सारा पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं. तो नसला तर बापानं जायचं, बाप नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी. मोबदला म्हणजे इनामाचा लहानसा तुकडा आणि गावानं दिलं तर बलुतं. आंबेडकरांचं म्हणणं असं की यात वाईट पाटील शोधू नका. पाटील देवमाणूस असला तरी ही चाकरी गुलामीच राहील, कारण नियमच तसा आहे. राजाचा दोष, मग कारकुनाचा दोष, असं करत विचार इथे नियमापर्यंत पोचला. तो नियम मुंबई राज्यात 1958 सालच्या कायद्यानं रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. तोरण्याचा हा मुलूख ज्यात होता ते भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रवास उलट्या अंगानं झालेला दिसतो. तिथे भेद आधीपासून होता. 1948 नंतर तो कलमाकलमानं लिहून काढला गेला. 1952 साली जो कायदा झाला त्याच्या नावात पास 'रद्द' करण्याची भाषा होती. प्रत्यक्षात त्यानं सगळे जुने पास एका वहीत बांधून ती काळ्या माणसाच्या खिशात कायमची ठेवली. त्याच वर्षी, 31 ऑगस्टला, आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. तो 1871 चा. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसानं हजेरी लावायची, गाव सोडायला दाखला घ्यायचा, तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापुरात त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. एका देशात वही खिशात आली त्याच साली दुसऱ्या देशात दाखला गेला.

तो खरोखर गेला का, हे लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचणाऱ्यानं ठरवावं. हे आत्मकथन 1987 साली आलं, साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्याला मिळाला. कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. पुस्तकात पोलीस रात्री-अपरात्री घरात शिरतातच, भांडी उलथतातच, बायाबापड्यांना मारतातच. चोरी कुठेही होवो, माणसं लेखकाच्याच वस्तीतली उचलायची. शिपायाला नवा कायदा कळला नव्हता असं नाही. जुना त्याच्या हातात मुरला होता.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मधला प्रसंग. विहिरीत कुजलेलं प्रेत. त्यावर राखण बसवली आहे ती खरातांच्या वडिलांची, कारण तराळकी, म्हणजे महार वतनातली गावची चाकरी, त्यांच्याकडे. पोलीस येतात आणि त्यांनाच विहिरीत उतरायला सांगतात. वर उभ्या असलेल्या सगळ्यांना हे अगदी रीतसर वाटतंय. प्रेत काढायचं तर तराळ उतरणार, दुसरं कोण? काठावरून मुलगा बघतोय. आता मला सांगा, या पोलिसानं अधिकाराचा गैरवापर केला का? नियमाबाहेर तो एक पाऊलही गेला नाही. वापरच असा आहे की त्याला गैर म्हणायला वेगळी जागाच उरत नाही. काठावरचा तो मुलगा पुढे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, आणि तरीही आयुष्याच्या उत्तरार्धात लिहायला बसल्यावर त्याला ती विहीर लिहावी लागली.

वरच्या बाजूनं लिहिलेल्या पुस्तकांत नेहमी एक क्षण येतो, जेव्हा भला माणूस दचकतो. आंद्रे ब्रिंक यांच्या 'अ ड्राय व्हाइट सीझन'मध्ये गोरा शिक्षक दचकतो, कारण त्याच्या शाळेतला काळा सफाई कामगार कोठडीत मेला. कोएत्झींच्या 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स'मधला म्हातारा न्यायाधीश छळ बघून हादरतो, आणि हळूहळू त्याला कळतं की छळ करणारा कर्नल आणि आपण एकाच साम्राज्याची दोन तोंडं आहोत. ही दोन्ही पुस्तकं मोठी आहेत, मी ती पुन्हा पुन्हा वाचतो. पण ती दचकण्यापासून सुरू होतात. मुक्ता साळवे, खरात, ला गुमा यांच्याकडे दचकणं नाही. दचकायला आधी निर्धास्त असावं लागतं.

1972 साली अथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून 'सिझ्वे बान्सी इज डेड' हे नाटक उभं केलं. पासवर शिक्का नाही म्हणून शहर सोडावं लागणारा सिझ्वे एका मेलेल्या माणसाची वही घेतो, फोटो बदलतो आणि स्वतःचं नाव पुरून टाकतो. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं. त्यातही रात्री बाहेर पडायला परवाना लागतो, आणि शेवटी कोतवाल मारला जातो, नाना फडणवीस सुरक्षित राहतो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. हे एकमेकांना ओळखून झालं नाही. पण सिझ्वेचा खरा मराठी भाऊ त्याच्या नऊ वर्षं आधी जन्मला होता. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जात लपवून खोली मिळवतो. सिझ्वेनं नाव बदललं, यानं जात. सिझ्वेला पोलिसाची भीती. याच्यावर हात टाकणारे पोलीस नाहीत, शेजारपाजारचे, बरोबर राहणारे लोक आहेत. पास इथे कागदावर नव्हताच, म्हणून तो तपासायला कुणीही पुढे येऊ शकत होतं. कलम रद्द करता येतं. ही तपासणी कुठल्या कलमानं रद्द करायची, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तात्यांना मी यातलं थोडंच सांगू शकलो. राल्टबद्दल सांगितलं, विहिरीबद्दल सांगितलं. विहिरीचं ऐकताना ते मान हलवत होते; ती गोष्ट त्यांना नवी वाटत नव्हती. मग म्हणाले, आमच्याकडे आता कोतवाल असतो.

ते बरोबर होतं. वतनं गेल्यावर गावच्या कनिष्ठ चाकरीसाठी महाराष्ट्रात मानधनावरचा कोतवाल आला. ज्या शब्दानं एके काळी पुणं थरथरलं, तो शब्द घरंगळत तलाठ्याच्या हाताखालच्या सगळ्यात शेवटच्या माणसापर्यंत आला. नोटिसा पोचवणं, दवंडी देणं, पंचनाम्याला माणसं गोळा करणं, पूर आला की धावणं, ही त्याची कामं. आता त्याला महसूल सेवक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा ओसरला तेव्हा तात्यांना विचारलं, तुमच्या लहानपणी चावडीचा निरोप घेऊन कोण यायचं. त्यांनी नाव घेतलं नाही. जातीचं नाव घेतलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "त्याला नाव व्हतं की. आमी कदी घेतलं न्हाई."