सोन्याचा कस पाहणें हा अविश्वास आहे काय?

आमच्या मंडळींतील एका विधवा भगिनीनें मुलाच्या आजारपणासाठीं आपली माळ मोडावयास तालुक्याच्या गांवीं नेली. ती बावीस कॅरटची, असें ती वीस वर्षें समजत होती. सराफानें आटविली, तों कस एकोणीस भरला. ज्या गांवच्या सोनारानें ती घडविली तो आतां हयात नाहीं. घडवितांना कस कां पाहिला नाहीं, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ती म्हणाली, "पाळकसाहेब, पिढ्यांचा सोनार. त्यांच्या तोंडावर 'दाखवा बरें' असें कसें म्हणावें?" ह्या उत्तरानें आम्ही विचारांत पडलों.

वाचकहो, कस पाहणें म्हणजे काय, हें आधीं ध्यानांत घ्यावें. सोनार काळ्या कसोटीवर डाग घासतो, शेजारीं ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, आणि तेजाब लावून कोणती रेघ टिकते तें पाहतो. 'हिणकस' व 'बावनकशी' हे आपले रोजचे शब्द तेथलेच. परंतु दगडास वरची कातडी तेवढी समजते. क्ष-किरणांच्या यंत्राचीही बहुतांशीं तीच गोष्ट. खरा निवाडा अग्नीचा. डागाचा अल्प अंश कापून तोलतात, चांदीसह शिशाच्या पत्र्यांत गुंडाळितात व सच्छिद्र मुशींत तापवितात. तांब्यासारखें हीण शिशाबरोबर मुशींत जिरतें, चांदी नत्राम्लांत विरघळते, आणि उरलेलें सोनें पहिल्या वजनाशीं ताडून पाहतात. खरें कळावयास थोडें सोनें खर्चीं घालावेंच लागतें.

सन २००० मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें सोन्याच्या डागांवर हॉलमार्क उमटविण्याची व्यवस्था सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती अनेक जिल्ह्यांत सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून तेथें डागावर ब्यूरोचें चिन्ह, कस व सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण लागते. '२२के९१६' म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें. कस कमी निघाल्यास तुटीच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च विकणाऱ्यानें द्यावा, असा नियम आहे. पण ज्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आंत, त्यास ही सक्ती नाहीं. म्हणजे गांवचा सोनार बहुधा तिच्याबाहेर. तेथें विचारणें आपल्याकडेच राहतें. बिनछापाचा डागही फी देऊन केंद्रांत तपासून घेतां येतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याच्या शब्दाची परीक्षा पाहणें प्रीतीस शोभत नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. दुधांतलें पाणी त्याच दिवशीं कळतें. सोन्यांतलें हीण मोडावयाच्या दिवशीं कळतें, आणि तो दिवस बहुतकरून दुष्काळाचा कीं आजाराचा असतो. भिडेचें मोल त्या दिवशीं द्यावें लागतें, आणि तें भीड धरणाराच देतो असेंही नाहीं. येथें तें एका आजारी मुलानें दिलें.

शिवाय त्या मृत सोनाराचें काय? सांधे जोडणारा डाख सोन्याआधीं वितळावा म्हणून त्यांत तांबें-चांदी अधिक घालीत, आणि आटविल्यावर साऱ्या माळेचा कस उतरे. तो लबाड होता, कीं रीतीप्रमाणें वागला? कस लिहून घेतला असता तर आज तो कागद कदाचित् त्याच्याच बाजूनें बोलला असता. न विचारून त्या भगिनीनें त्याची अब्रू राखिली असें तिला वाटलें. वस्तुतः ती उघडी राहिली.

त्याचा मुलगा आज त्याच दुकानांत बसतो. तिनें त्यास अद्याप कांहीं सांगितलें नाहीं. सांगावें, असें आमचें मत आम्हीं तिला कळविलें आहे.