आभाळ झाकल्यावर खेळाचं काय होतं

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. छत्रपती शाहू क्रीडा संकुलात पंचक्रोशीतली माणसं लोटली होती आणि स्पर्धा ऐन रंगात असताना अवकाळी पाऊस कोसळला. कुस्त्या थांबवाव्या लागल्या. पुढे स्पर्धा पार पडली, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने मानाची गदा उंचावली. पण असा पाऊस झाला की आमच्या आष्टा-वाळवा भागात, जिथे दोन माणसं जमली की तिसरा विषय कुस्तीचा निघतो, एक मागणी हमखास ऐकू येते: आता मैदानावर छत घाला.

मागणी रास्त आहे. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे दिवस आणि वळवाचे दिवस एकच. मात्र छताकडे आपण फक्त आडोसा म्हणून पाहतो, हे मला अपुरं वाटतं. छत आलं की त्याखालची हवा, आवाज आणि उजेड बदलतो. मग खेळही बदलतो, आणि कधी कधी जिंकणाराही.

याचा सर्वांत बारकाईने विचार टेनिसवाल्यांना करावा लागला. मेलबर्नला १९८८ मध्ये मुख्य कोर्टावर सरकतं छत आलं. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टावर ते २००९ मध्ये आलं, न्यूयॉर्कच्या आर्थर अॅश स्टेडियमवर २०१६ मध्ये आणि पॅरिसच्या फिलिप शात्रिए कोर्टावर २०२० मध्ये. न्यूयॉर्कला तर २००८ ते २०१२ अशी सलग पाच वर्षं पुरुषांची अंतिम लढत रविवारची सोमवारवर गेली होती, त्यामुळे तिथे छताला पर्याय उरला नव्हता.

विम्बल्डनचं छत मिटायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण खेळ लगेच सुरू करता येत नाही. खाली जिवंत गवत आहे. हजारो प्रेक्षकांच्या श्वासाची वाफ आणि मातीतली ओल कोंडली की गवताला घाम फुटतो आणि पाय घसरतात. म्हणून मोठ्या यंत्रणेने आतली हवा कोरडी आणि थंड करून घ्यावी लागते, त्यात साधारण अर्धा तास जातो. एवढं करूनही खेळाडू घसरण्याच्या तक्रारी होतातच. २९ जून २००९ ला अँडी मरे आणि स्टॅन वॉवरिंका यांचा सामना छताखाली रात्री साडेदहाच्या पुढे चालला. तो जिंकूनही मरे म्हणाला की आत दमट होतं, हवा जड वाटत होती.

वारा नसणं हा त्याहून मोठा फरक. सर्व्हिस करताना चेंडू वर उडवावा लागतो. उघड्यावर वाऱ्याची झुळूक त्याला इकडे-तिकडे नेते आणि डोळ्यांवर ऊन येतं. छताखाली दोन्ही अडचणी संपतात, चेंडू जिथे हवा तिथेच मिळतो. सपाट, जोरकस मारणाऱ्याचं फावतं. उन्हात चेंडूला फिरकी देऊन तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत उसळवणाऱ्याचं शस्त्र थंड, दमट हवेत थोडं बोथट होतं, कारण चेंडूची लोकर ओल धरते. २०१२ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात एकेक सेटची बरोबरी झाल्यावर तिसऱ्या सेटमध्ये पावसामुळे छत मिटलं. पुढचे दोन्ही सेट रॉजर फेडररने घेतले. तो नाही तरी जिंकला असता का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण मिटलेल्या छताखाली तो अधिक मोकळा खेळला, हे तो सामना पाहणाऱ्या कोणालाही दिसलं.

विम्बल्डनचीच २०१८ ची उपांत्य लढत मला याहूनही महत्त्वाची वाटते. नदाल आणि जोकोविच यांचा सामना शुक्रवारी उशिरा, छत मिटवून सुरू झाला आणि रात्री अकराच्या मर्यादेमुळे थांबला. शनिवारी बाहेर लख्ख ऊन होतं, तरी छत मिटलेलंच राहिलं. सामना ज्या स्थितीत सुरू झाला त्याच स्थितीत संपवायचा, उघडायचं तर दोघांची संमती हवी, असा नियम. जोकोविच पाचव्या सेटमध्ये १०-८ ने जिंकला. उन्हाळ्यातला मैदानी खेळ, बाहेर निरभ्र आकाश, आणि आत दिवे लावून निकाल! नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण छत म्हणजे आता केवळ इमारतीचा भाग राहिलेलं नाही, ते सामन्यातला एक पक्ष झालं आहे, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

अर्थात, छताचा फायदा कोणाला होईल याचं गणित ठोकळेबाज मांडू नये. २०२० मध्ये पॅरिसची स्पर्धा ऑक्टोबरच्या गारठ्यात झाली आणि अंतिम सामना मिटलेल्या छताखाली. आता जोकोविचचं पारडं जड, असा अनेकांचा होरा होता. नदालने त्याला ६-०, ६-२, ७-५ असं हरवलं.

आणि आवाज. आर्थर अॅशवर छत बसवल्यावर ते उघडं असतानाही प्रेक्षकांची नुसती कुजबुज खाली कोर्टावर गुंजत राहू लागली. पूर्वी वर निघून जाणारा आवाज आता परत फिरत होता. मिटलेल्या छतावर पाऊस पडू लागला की चेंडूचा रॅकेटवरचा आवाज ऐकू येईना, आणि कसलेला खेळाडू तर त्या आवाजावरूनच फटक्याचा जोर ओळखतो.

आता आपल्या मातीकडे येतो. आपल्याकडे छत आणि आभाळ यांची वाटणी जुन्या माणसांनी फार समजून केली होती. तालीम नेहमी बंदिस्त. जाड भिंती, लहान खिडक्या, आत ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती. घामेजल्या अंगाला वारं लागू नये, हा त्यामागचा हिशेब. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग तालमी याच पठडीतल्या. सराव छताखाली, पण कुस्तीचं मैदान मात्र आभाळाखाली.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोझियम पाहून आले आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं, १९१२ मध्ये. मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही कुस्ती दिसावी अशी. त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं गेलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते होरपळलं तेव्हा सारा दक्षिण महाराष्ट्र हळहळला. एकाच राजाने, एकाच आवारात, नाटकाला छत दिलं आणि कुस्तीला दिलं नाही. गायक नटाचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला भिंती आणि छप्पर हवं. हलगीला नको. हलगी, तुतारी आणि हजारो कंठांची आरोळी यांना वर निघून जायला वाट लागते.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात हलगी वाजलेली ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. आवाज पत्र्यावर आदळून पुन्हा अंगावर येतो, निवेदकाचे शब्द एकमेकांत मिसळतात, कोणत्या वस्तादाचा पठ्ठ्या आत आला तेही कळत नाही. त्यात एप्रिलचं ऊन असेल तर पत्रा दुपारभर तापतो आणि ती धग खालच्यांच्या डोक्यावर उतरते. वर पाऊस सुरू झाला तर बोलणंच खुंटतं.

आणखी एक गोष्ट. जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती दिवस कलताना लागते. पूर्वी मावळता सूर्य हेच त्या कुस्तीचं घड्याळ होतं. अंधार पडेपर्यंत निकाल लागला नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवत. दिवे आले आणि ही मर्यादा सैल झाली. छत, मॅट, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण आले तेव्हा ती संपली. मी याबद्दल गळा काढणार नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक मिळवलं ते मॅटवरच, आणि मातीतल्या मुलांना मॅट वेळेवर मिळाली असती तर अशी पदकं आणखी आली असती, असं मला ठामपणे वाटतं. पण इथल्या मुलाला मॅट हवी म्हणून मैदान बंदिस्त करायला हवं, हे मला पटत नाही.

कृष्णा आणि वारणा यांच्यामधल्या आमच्या मुलखात थंडीपासून रक्षण करणाऱ्या भिंतींची गरजच नाही. गरज आहे ती वळवापासून आणि टळटळीत उन्हापासून. म्हणून छत जरूर घालावं, पण उंच घालावं आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पत्रा असेल तर खाली उष्णता आणि आवाज अडवणारा थर द्यावा. पाण्याचा निचरा आखाड्यापासून दूर न्यावा. माती काढून टाकू नये, मॅट शेजारी अंथरावी. वातानुकूलनाचा खर्च विम्बल्डनला परवडतो, नगरपालिकेला नाही. बंद सभागृह बांधून पुढे ते लग्नसमारंभांना भाड्याने देण्याची वेळ येते, ती अनेक गावांनी पाहिली आहे.

आष्टा असो, तासगाव असो की विटा, ज्यांच्या हातात असे आराखडे आहेत त्यांना एवढीच विनंती: कागदावर सही करण्याआधी तो आराखडा तालमीतल्या वस्तादांना दाखवा, आणि हलगीवाल्यांनाही बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.