अनारसा हसला तेव्हा

दीपावलीच्या फराळात गृहिणीची खरी कसोटी पाहणारा पदार्थ म्हणजे अनारसा. तीन दिवस तांदूळ भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, सावलीत सुकवून कुटावयाचे, गुळात मळून गोळा मुरू द्यावयाचा. आणि एवढे करूनही खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताच कधी विरघळून जातो. यालाच महाराष्ट्रात 'अनारसा हसला' असे म्हणतात.

अनारसा हसतो आणि घर रडू लागते! सासू सुनेला बोल लावते, सून डोळ्यांना पदर लावते. वस्तुतः झालेले एवढेच, की पिठात गूळ वा ओलावा अधिक राहिला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) भगवंतांनी पतनाचा क्रम सांगितला आहे : विषयचिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश. हा क्रम चुलीपाशीही चुकत नाही. 'माझे अनारसे सर्वांनी वाखाणावेत' ही आसक्ती. तिला धक्का बसताच क्रोध. थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळले की गोळा सावरतो, हे अनेक सण पार पाडलेली सासूच त्या क्रोधात विसरते. हाच स्मृतिभ्रंश!

नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावरच संतुष्ट होतात. मात्र ते भक्तीने अर्पिलेले असावे. जाळीदार अनारशाचा आग्रह त्यांनी कोठेही धरलेला नाही. म्हणून कढई क्षणभर खाली उतरवावी, पीठ सावरावे आणि सुनेला प्रेमाने पुन्हा थापावयास बसवावे. देवापुढे पान मांडण्यापूर्वी घरातील दुखावलेले मन निववावे. नैवेद्याची पहिली शुद्धी तीच होय.