पाण्याने उमटलेली रेघ

तांतो या जपानी खंजिराचं पातं साधारण 30 सेंटिमीटरच्या आतलं असतं. तलवारीच्या शेजारी ठेवलं तर ते धाकटं दिसतं, पण लोहाराचा खरा कस मला इथेच लागलेला दिसतो. बहुतेक तांतोंच्या पात्याला मधला कणा नसतो, पाठीपासून धारेपर्यंत सलग सपाटी असते. पोलादाच्या घड्या घालून ठोकताना आलेला पोत त्या सपाटीवर पुरता उघडा पडतो, चूक झाकायला जागा राहत नाही. कामाकुरा काळातल्या अवातागुची योशिमित्सूचं नाव आजही घेतलं जातं ते मुख्यतः त्याच्या तांतोंसाठी.

पाणी देण्याआधी लोहार पात्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी यांचा लेप चढवतो. पाठीवर जाड, धारेवर पातळ. लालबुंद पातं पाण्यात गेलं की धार झटकन निवून कडक होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी पांढुरकी रेघ उमटते, तीच हामोन. पातं उजेडात जरा कलतं धरल्याशिवाय ती नीट दिसत नाही.

कामापुरती ही सीमा सरळ असली तरी भागतं. शिंतोगो कुनिमित्सूने ती बहुधा सरळच ठेवली आणि त्या साधेपणात कमालीची शांतता आणली. इतरांनी तिथे लाटा उठवल्या, लवंगेच्या कळ्या फुलवल्या. ही नक्षी वरून काढलेली नाही. लोहार लेपाची जाडी ठरवतो, पुढचं आग आणि पाण्याच्या हाती. उपयोग आधी आणि शोभा मागाहून, ही आपली विभागणी इथे लागूच पडत नाही.

काही पात्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं कोरलेली असतात. बौद्ध ग्रंथांच्या सोबतीने ही लिपी भारतातून चीनमार्गे जपानात पोचली. यांतली काही अक्षरं फुदो म्योओ या देवाची असतात; तिथला हा फुदो म्योओ म्हणजे मूळचा अचल. ज्या शस्त्राने चिलखताच्या फटीतून माणूस मारायचा, त्यावर देवाचं अक्षर! मला हे खुपतं, आणि ते खुपायलाच हवं. सामुराई घरांतल्या बायका आत्मरक्षणासाठी, वेळ आली तर स्वतःचा जीव घेण्यासाठीही, छोटा खंजीर जवळ बाळगत. हामोनचं कौतुक करताना हे विसरणं अप्रामाणिक ठरेल.

1876 मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी घातली. तेव्हापासून जुनी पाती जपण्याचा प्रश्न मोठा झाला. गंज काढायचा तर पातं दगडावर घासावं लागतं, आणि दर खेपेला थोडं पोलाद कायमचं जातं. म्हणून केवळ चकाकीसाठी जुनं तांतो पुन्हा घासायला देऊ नये. गंज धरला असेल, तरच द्यावं.