मोजायचे काय?



गरीब देशात अत्यवस्थ रुग्णांची सोय किती आहे, असे कोणी विचारले की आपण आय.सी.यू.च्या खाटा आणि व्हेंटिलेटर मोजू लागतो. आफ्रिकेतील डॉक्टरांनी यंत्रांऐवजी रुग्ण मोजले. २२ देशांतील १८० रुग्णालयांत त्यांनी सुमारे वीस हजार रुग्ण तपासले. हा अभ्यास २०२५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आठांपैकी एक रुग्ण अत्यवस्थ होता आणि अशांपैकी ६९ टक्के साध्या वॉर्डात होते. ज्यांचा श्वास अपुरा पडत होता त्यांतल्या फक्त ४८ टक्के रुग्णांना ऑक्सिजन मिळत होता.

येथे व्हेंटिलेटरचा प्रश्नच नाही. नाकातली नळी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे, एवढ्याच गोष्टी. कुशीवर वळवायला तर पैसाही लागत नाही, पण कोणाचे तरी लक्ष लागते. ते यादीच्या कोणत्या रकान्यात भरणार?

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर सांगितले होते की, जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही. आणि नेहमीचे काय, हे व्यक्ती, स्थळ, काळ पाहून ठरते. सेमिनरीत हा विचार मला फार समंजस वाटला. आजही वाटतो. पण त्यातून एक पळवाट निघते. स्थळावरच ठरत असेल, तर जिथे ऑक्सिजन नाही तिथे तो असाधारण ठरेल, आणि तो न दिल्याचा दोष कोणावरच येणार नाही!

मला हे मान्य नाही. रुग्णाने आणि घरच्यांनी किती ओझे उचलावे, हे ठरवण्यासाठी ती कसोटी आहे. सिलिंडरसाठी शेत विकले नाही म्हणून कोणत्याही आईला बोल लावता येणार नाही. सरकार आणि देणगीदार यांना मात्र तिच्या आडोशाला उभे राहता येत नाही. तिच्यासाठी टंचाई ही परिस्थिती असते. त्यांच्यासाठी ती बऱ्याच अंशी त्यांनीच केलेली निवड असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली रक्तातील ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णांसाठीही ऑक्सिजनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. ती यादी श्रीमंत देशांपुरती नाही.

एक सिलिंडर आणि दोन रुग्ण असले तर तो कोणाला द्यावा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात फार रंगतो. वॉर्डातल्या सिस्टरला तो रात्री दोन वाजता एकटीने सोडवावा लागतो. दुसरा सिलिंडर का नव्हता, हे तिला विचारून उपयोग नाही; ते दिवसाढवळ्या, खरेदीच्या यादीवर सही करणाऱ्याला विचारायला हवे.

– प्रमुख धर्मगुरू