आधी उत्तर, मग रीडिंग

दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकाची तयारी आपल्याकडे बहुतेक शाळांत जानेवारीत सुरू होते आणि ती सुरू होते जर्नल पूर्ण करण्यापासून. वर्षभर कोरी राहिलेली पाने चार-सहा रात्रींत भरतात. आकृती मैत्रिणीच्या वहीवरून, कृती डायजेस्टमधून. निरीक्षणेही डायजेस्टमधूनच. घरी आई आकृत्यांना नावे देते, बाबा कव्हर घालतात, आणि कोणालाच यात काही वावगे वाटत नाही.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा साधा प्रयोग घ्या. खिडकीसमोर भिंग धरायचे, मागे पडदा ठेवायचा आणि बाहेरच्या झाडाची उलटी, लहानशी प्रतिमा पडद्यावर स्पष्ट उमटेपर्यंत तो पुढे-मागे सरकवायचा. मग भिंग ते पडदा हे अंतर मोजायचे. तीनदा मोजले की ९.७, १०.२, १०.४ सेंमी असे काहीतरी हाती लागते, कारण प्रतिमा नेमकी कुठे स्पष्ट झाली हे डोळ्याने ठरवायचे असते. झाड फार जवळ असेल तर अंतर थोडे जास्तच येते. पण मुलांना आधीच सांगून ठेवलेले असते की शाळेतले भिंग दहाचे आहे. मग वहीत तीन वेळा १०.० येते. त्यातला एखादा हुशार मुलगा ९.९, १०.१, १०.० असे लिहितो. सरासरी बरोबर येते आणि संशयही येत नाही.

मला काळजी वाटते ती या हुशार मुलाची. मोजमापात थोडा फरक पडतोच हे त्याला कळले आहे, तो साधारण किती पडावा याचाही त्याला अंदाज आहे. म्हणजे विषय त्याला समजला आहे. आणि ही सगळी समज त्याने बनावट आकडा खरा दिसावा म्हणून वापरली आहे. आपण त्याला पूर्ण गुण देतो.

नववीत ओहमच्या नियमाचे असेच होते. आलेखावरचे सगळे बिंदू आज्ञाधारकपणे एका सरळ रेषेत बसतात. प्रत्यक्षात कळ जास्त वेळ दाबून ठेवली तर तार तापते आणि रीडिंग सरकते, क्लिप सैल असते, ॲमीटरचा काटा मुळातच शून्यावर नसतो. रेषेबाहेर पडलेला तो एक बिंदू तास-दोन तास शिकवण्याइतका ऐवज घेऊन आलेला असतो. तो खोडरबराने पुसला जातो.

मंडळाच्या परीक्षेत विज्ञानाचे लेखी ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. हे २० गुण शाळेच्या हातात असल्यामुळे ते कापण्यात कोणाचाच फायदा नाही: ना मुलाचा, ना शिक्षकाचा, ना शाळेच्या निकालाचा. २०१९ मध्ये भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून घेतले, आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी ते गुण परत आले. शाळेने दिलेले गुण आणि मुलाला येत असलेली भाषा यांचा मेळ होता का, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. विज्ञानाच्या बाबतीत तर तो विचारलाच जात नाही.

शिक्षकांना झोडपणे सोपे आहे. एका वर्गात साठ मुले, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, एकच कपाट, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून हॅलाइड ओळखण्याचा प्रयोग टेबलावर एकदा दाखवून संपतो. ही अडचण खरी आहे आणि ती सरकारने सोडवायला हवी. पण प्रयोग करता आला नाही, ही झाली साधनांची उणीव. न केलेला प्रयोग केला असे लिहून घेणे आणि त्याखाली सही करणे यासाठी कोणत्याही साधनाची कमतरता कारण म्हणून सांगता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने अधिकृत कागदावर लिहिलेले हे बहुधा पहिले खोटे असते, आणि ते आपण त्याला लिहायला लावतो.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यावर आपण भाषणे पुष्कळ करतो. तो दृष्टिकोन कसा दिसतो हे पाहायचे तर २००८ मधली पुण्याची एक चाचणी आठवावी. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांची उत्तरे आली. यशाचे सरासरी प्रमाण भरले ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० च्या आसपास आले असते. ४६ आले म्हणून ४६ लिहिले. घटना घडून गेल्यावर तिला साजेसा ग्रह शोधायचा, ही रीत त्या चाचणीत चालणार नव्हती. आपल्या प्रयोगशाळेत मात्र तीच रीत चालते: उत्तर ठाऊक असते आणि त्याला साजेसे रीडिंग शोधले जाते. असे विज्ञान शिकून पदवीधर झालेला माणूस पुढे मुहूर्त पाहून गाडी घेतो, याचे आश्चर्य कशाला?

परीक्षा वेगळी घेता येते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले प्रयोग करत, आपली निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहीत, आणि परीक्षेत पुस्तक-वही उघडी ठेवून लेखी उत्तरे देत. शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. तीस वर्षे हे चालले. २००२ मध्ये तिथल्या सरकारने ते बंद केले, पण सरकारी शाळेत, थोड्या साहित्यात हे जमते एवढे सिद्ध होऊन गेले होते.

आपल्याकडे आहे त्या चौकटीतही बरेच करता येईल. भिंगावरचा आकडा झाकून ते मुलाच्या हातात द्यावे. तीन परीक्षानळ्यांत क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड नाव न लिहिता ठेवावे. पांढरा अवक्षेप पटकन ओळखता येतो, फिकट पिवळा आणि पिवळा यांत मोठेही गोंधळतात. अशा वेळी ‘रंगावरून नक्की सांगता येत नाही, विरल अमोनिया घालून पाहतो’ असे लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण द्यावेत. क्लोराइडचा अवक्षेप विरघळेल, आयोडाइडचा तसाच राहील, हे तिला स्वतः दिसेल. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्यापेक्षा ‘तुझे दुसरे रीडिंग वेगळे का आले?’ हा एक प्रश्न पुरे. आणि सगळे प्रयोग होत नसतील तर होतील तेवढेच जर्नलमध्ये असावेत. पाच खऱ्या प्रयोगांची वही वीस उतरवलेल्या प्रयोगांच्या वहीपेक्षा जास्त गुणांची ठरावी, असे मंडळाने स्पष्ट लिहून द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

तोवर पालकांनी एवढे करावे. मुलाचे जर्नल पूर्ण झाले का, हे विचारू नये. त्यातला एक प्रयोग घरी करून दाखवायला सांगावा. भिंगाला खिडकी पुरते, दर्शकाला हळद आणि साबण. शिक्षकांनी न केलेल्या प्रयोगाखाली सही करायला नकार द्यावा. आणि मुख्याध्यापकांनो, फेब्रुवारीतल्या परीक्षेआधीचे दोन शनिवार प्रयोगशाळा दिवसभर उघडी ठेवा, मुलांना भिंगे फुटतील या भीतीशिवाय हाताळू द्या, आणि त्या दिवशी डायजेस्ट दाराबाहेर ठेवायला सांगा.