आधार

साधकहो, देवाला आपण निराधारांचा आधार म्हणतो. पण आधार होणे म्हणजे काय, याचे मनन करू लागलो की समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात बसूनही चित्त कोकणातल्या निवतीच्या पाण्याकडे ओढ घेते. पोलंडमध्ये बांधलेली, 1985 साली नौदलात आलेली, सैनिक आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवीत जवळजवळ चार दशके राबलेली ‘गुलदार’ ही नौका 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. आणि तिला भंगारात न काढता वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीजवळ समुद्रतळी विसावू द्यायचे, तिच्या अंगावर जलचरांची वस्ती वाढू द्यायची, असे महाराष्ट्राने ठरवले. जगात अनेक किनाऱ्यांवर थकलेल्या मासेमारी नौकांनाही हीच गती दिली जाते. जिने आयुष्यभर मासे धरले, तीच शेवटी माशांचा आधार होते.

हा आधार घडतो कसा? प्रवाळाची इवलीशी अळी पाण्याबरोबर वाहत असते. सरकत्या वाळूवर तिचा निभाव लागत नाही, पण घट्ट पृष्ठभाग लाभला की ती तिथेच चिकटते आणि चुन्याचे घर बांधू लागते. शेजारी शेवाळ धरते, कालवे बसतात, त्यांच्या आडोशाला लहान मासे येतात आणि त्यांच्यामागून गोब्रा, तांबोशी. आपल्या पेंचच्या तोतलाडोह जलाशयात बुडालेल्या झाडांची वठलेली खोडेही अशीच उभी आहेत. नाव असो वा खोड, ते कोणाला बोलावत नाही, काही मागत नाही. ते केवळ ढळत नाही, आणि त्या न ढळण्यालाच आधार म्हणायचे.

परंतु स्थैर्याला निर्मळतेची जोड हवी. म्हणून नौका बुडवण्यापूर्वी तिच्यातले तेल, तारा, प्लास्टिक, विषारी रंग काढतात. आत शिरलेला जीव अडकू नये म्हणून वाटा मोकळ्या करतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख जुने टायर याच सद्‌हेतूने समुद्रात सोडले गेले; बांधलेले जुडगे सुटले, लाटांनी टायर लोटत नेले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर आपटले. नको झालेली वस्तू टाकून मोकळे होणे वेगळे आणि तिला आधार होण्यायोग्य करणे वेगळे; या दुसऱ्या गोष्टीला कष्ट लागतात.

आणखी एक पदर उरतो. बुडालेल्या नौकेभोवती मासे दाटतात, म्हणून तिथेच जाळी पडू लागली तर आधाराचा सापळा होतो. नवे जीव वाढण्याऐवजी होते तेवढेच एका जागी गोळा होऊन संपतात. शरण आलेल्या कपोतासाठी शिबी राजाने स्वतःचे मांस तोलून दिले, कारण अभयावाचून आधाराला अर्थ नाही, हे तो जाणत होता.

तेव्हा साधकहो, हातचे काम सुटले म्हणजे आपण निरुपयोगी झालो, असे मानू नये. अंतरीचे विष आधी काढावे, मग एका जागी दृढ राहावे, आणि विश्वासाने जवळ आलेल्यापासून काही लुबाडू नये. एवढे साधले की आपल्या निवृत्तीतही कोणाचा तरी संसार उभा राहील.